आंगणातल्या पाखरांचं दाणा-पाणी : आधी जागा, मग पाणी, दाणा सर्वांत शेवटी

मार्च लागला की आपल्या नागपुरात पाखरांसाठी भांडी ठेवायची लगबग सुरू होते. २० मार्चच्या चिमणी दिनाला ठिकठिकाणी मातीची भांडी वाटतात. ती घरी येतात आणि गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसतात. मग मे महिन्यात, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस अंगावर आलेले असताना, त्यातली निम्मी भांडी कोरडी ठणठणीत दिसतात. उरलेल्यांत कोमट, हिरवट, अळ्या पडलेलं पाणी असतं. शेजारी ज्वारीचा ढीग आणि त्यावर वीस-पंचवीस कबुतरं. "आमच्याकडे चिमण्या येतच नाहीत," असं सांगणाऱ्या बहुतेक घरी मी हेच चित्र पाहिलं आहे.

ही चूक क्रमाची आहे. सुरुवात दाण्यापासून होते, कारण दाणा टाकणं सोपं असतं. नागपूरच्या हवेत पाखराला सर्वांत आधी पाणी लागतं, आणि ते पाणी बिनधोक पिता येईल अशी जागा लागते. दाणा त्यानंतर, तोही मोजून. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळून पुढे गेलात, तर मागे यावं लागतं.

## टप्पा १ : आठ दिवस नुसतं बघा

काहीही विकत आणण्याआधी आठवडाभर आंगणात कोण येतं ते बघा. सकाळी उजाडल्यापासून तासभर आणि संध्याकाळी पाचनंतर तासभर. उन्हाळ्यात साडेपाचलाच उजाडतं, तेव्हा सकाळची वेळ चुकवू नका. एका वहीत तीन गोष्टी लिहा : कोणतं पाखरू, कुठे बसलं, काय खात होतं.

नागपूरच्या साध्या वस्तीत चिमणी, साळुंकी, बुलबुल, होला, कावळा, कबूतर, राघू, मुनिया, दयाळ, शिंपी, सातभाई, शिंजीर एवढी मंडळी सहज दिसतात. जवळ वड, पिंपळ किंवा उंबर असेल तर तांबटाची टुकटुक ऐकू येते. सेमिनरी हिल्स, अंबाझरी, गोरेवाडा या बाजूला राहत असाल तर टकाचोर आणि धनेशही येतील.

या यादीवरच पुढचं सगळं ठरतं. दाणे खाणारी पाखरं यात थोडीच आहेत : चिमणी, होला, कबूतर, मुनिया, काही अंशी राघू. शिंपी, दयाळ, सातभाई यांचं पोट मुख्यतः किड्यांवर चालतं. शिंजीर फुलातला मध पितो, बुलबुल आणि तांबट फळं शोधतात. तुमच्या आंगणात शिंपी आणि दयाळच जास्त असतील तर दहा किलो बाजरी आणून काहीच होणार नाही. पाणी मात्र यांतल्या बहुतेकांना लागतं.

मांजरीचीही नोंद ठेवा. शेजारचा बोका कोणत्या भिंतीवरून येतो, कुठे दबा धरून बसतो, हे पाखरांपेक्षाही नीट बघून ठेवा.

## टप्पा २ : जागा ठरवा

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून या टप्प्यावर घाई करू नका.

गच्चीचा कठडा ही नागपुरातली सर्वांत वाईट जागा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि पाण्याचं भांडं आपण तिथेच ठेवतो. दुपारी त्यातलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापतं. शिवाय गच्चीवर आडोसा नसतो. शिक्रा झेपावला तर चिमणीने जायचं कुठे? आणखी एक घरगुती कारण आहे. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत घातलेले असतात. पाखरांना तिथे सवय लावली की वाळवणात चोची पडतात आणि घरातच भांडण लागतं.

चांगल्या जागेला चार गोष्टी लागतात.

सावली : विशेषतः सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचपर्यंत. कडुनिंब, आंबा, पेरू, शेवगा, कोणतंही झाड चालेल. झाड नसेल तर घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत घ्या. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, ती टाळा.

जवळ झाड, पण झुडूप दूर : पाखराला आधी फांदीवर बसून खाली बघायचं असतं. वर फांदी हवीच. पण भांड्याला खेटून दाट झुडूप असेल तर मांजर त्यातच बसते. भांडं आणि झुडूप यांत आठ-दहा फूट मोकळी जमीन ठेवा. मांजर धावून येईपर्यंत पाखराला उडायला तेवढा वेळ पुरतो.

काचेपासून अंतर : हल्ली घरांना मोठ्या काचेच्या खिडक्या असतात. काचेत आकाश दिसतं आणि पाखरू तिकडेच झेपावतं. भांडं काचेपासून एक तर तीन फुटांच्या आत ठेवा, म्हणजे पाखराला वेग घ्यायला जागा मिळत नाही, किंवा तीस फुटांपलीकडे. मधलं अंतर सर्वांत घातक. तेवढी जागा नसेल तर खिडकीला बाहेरून पातळ जाळी किंवा पडदा लावा.

तुमच्या रोजच्या वाटेत : भांडं मागच्या कोपऱ्यात ठेवलं की दोन आठवड्यांत विसरलं जातं. सकाळी चहा पिताना जिथून दिसतं, तिथे ठेवा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीच्या आतल्या बाजूला ठेवा, कठड्याबाहेर लटकवू नका. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर विष्ठा आणि दाण्याचं फोलपट पडू लागलं की सोसायटीत तक्रार होते आणि सगळंच बंद करावं लागतं.

तपासणी : ठरवलेल्या जागी दुपारी दोन वाजता जमिनीवर तळहात टेकवून शंभर आकडे मोजा. हात काढावा लागला तर ती जागा बदला.

## टप्पा ३ : पाणी

पहिले तीन आठवडे फक्त पाणीच ठेवा. दाणा अजिबात नको.

भांडं मातीचं, उथळ आणि पसरट हवं, कुंडीखाली ठेवतात तसं परळ. बारा ते पंधरा इंच रुंद, मधोमध दोन इंच खोल, कडेला त्याहून उथळ. उन्हाळ्यात रस्त्याकडेला माठवाले बसतात, त्यांच्याकडे सहज मिळतं. घेताना रंगवलेलं, चकचकीत घेऊ नका. न रंगवलेल्या मातीतून पाणी पाझरतं, आपल्या कोरड्या हवेत ते उडतं आणि भांड्यातलं पाणी गार राहतं. माठाचंही काम असंच चालतं. रंग दिला की पाझर बंद होतो आणि पापुद्रे सुटून पाण्यात पडतात.

परळ दोन आणा. एक वापरात, एक वाळत. हे का, ते पुढच्या टप्प्यात येईल.

नवं परळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी धुऊन ठरल्या जागी ठेवा. मध्ये एक-दोन खडबडीत दगड असे ठेवा की त्यांचा माथा पाण्याबाहेर राहील. चिमणीचं वजन जेमतेम २५-३० ग्रॅम असतं. खोल आणि गुळगुळीत भांड्यात तिचा पाय घसरला तर तिला बाहेर येता येत नाही. मधमाश्याही या दगडांवर बसून पाणी पितात.

स्टीलचं भांडं, लोखंडी घमेलं आणि प्लास्टिकचा टब नकोच. पहिली दोन उन्हाच्या तिरिपेनेही तापतात, तिसरा घसरतो.

परळ कुठे ठेवायचं? मांजरीचा वावर नसेल तर जमिनीवर. होले आणि सातभाई जमिनीवरच उतरतात. मांजर असेल तर चार-पाच फूट उंच गुळगुळीत लोखंडी पाइपावर. दगडी किंवा विटांच्या खांबावर मांजर सहज चढते.

पाणी भरण्याच्या वेळा उन्हाळ्यात तीन : सकाळी उजाडण्याच्या सुमारास, साडेअकराच्या आसपास आणि चारला. मधली वेळ सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच चुकते, कारण घरातली माणसं कामावर असतात. जमत नसेल तर सकाळी जाताना सावलीत दोन भांडी भरून ठेवा, एकावर विसंबू नका. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात सकाळी एकदाच भरलं तरी पुरतं.

सावधान : कूलरच्या टाकीतलं पाणी परळात ओतू नका. त्यात सुगंधी द्रव किंवा डासांचं औषध टाकलेलं असतं. आणि डास होऊ नयेत म्हणून पाखरांच्या पाण्यात तेलाचा किंवा रॉकेलचा थेंब कधीही टाकू नका. तेल पिसांना लागलं की पाखराला नीट उडता येत नाही. पाण्यात साखर, मीठ, ग्लुकोज, हळद यांपैकी काहीही नको. साधं नळाचं किंवा बोअरचं पाणी द्या.

परळाशेजारी हातभर जागा कोरड्या मातीची सोडा. चिमण्या धुळीत लोळून आंघोळ करतात, त्याने पिसांतल्या उवा कमी होतात. सगळ्या आंगणात गट्टू बसवले असतील तर एका रुंद कुंडीत बारीक कोरडी माती भरून ठेवली तरी चालेल.

मग वाट पाहा. नव्या वस्तूवर पाखरं चटकन विश्वास ठेवत नाहीत. पहिला बुलबुल दुसऱ्याच दिवशी येईल किंवा तीन आठवडे लागतील. चार दिवसांत कोणी आलं नाही म्हणून भांडं हलवलं, तर पाखरांची ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मानेवाड्याच्या घरी मी पहिल्या वर्षी हे परळ पाच वेळा हलवलं आणि तो अख्खा उन्हाळा वाया गेला. पुढच्या वर्षी पेरूखाली ठेवलं आणि तिथेच राहू दिलं, तेव्हा एकोणिसाव्या दिवशी साळुंक्यांची जोडी उतरली.

## टप्पा ४ : धुणं

पाणी ठेवणारे शंभर भेटतात, भांडं धुणारे पाच. एकाच भांड्यात दिवसभर वेगवेगळी पाखरं पितात, त्यातच आंघोळ करतात आणि विष्ठाही करतात. एक आजारी होला आला तर त्याच्या चोचीतला आजार पाण्यातून इतरांना जातो. घाण भांडं ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगते.

रोज सकाळी जुनं पाणी झाडाच्या मुळाशी ओता, हाताने किंवा काथ्याने आतून घासा, नवं पाणी भरा. दोन मिनिटांचं काम. जुन्या पाण्यातच वरून भर घालायची सवय सोडा.

आठवड्यातून एकदा परळ बदला. वापरातलं परळ कढत पाण्याने घासून धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात पालथं घाला. दुसरं परळ त्या जागी येईल. मातीच्या भांड्याला साबण आणि ब्लीच लावू नका, ते मातीत मुरतं. लाकडी, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा दाण्याचा थाळा असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून त्यात दहा मिनिटं भिजवा, भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. हातमोजे घाला. पाखरांचं काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, त्याची घासणीही वेगळी ठेवा.

डासांचा हिशेब असा : डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. रोज पाणी फेकणाऱ्याच्या घरी परळात डास होत नाहीत. पण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात आणि कोरड्यातही टिकतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. आठ दिवस गावाला जाणार असाल आणि शेजारी बघणारं कोणी नसेल, तर परळ रिकामं करून पालथं घालून जा.

तपासणी : परळाच्या आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर ते धुतलेलं नाही.

## टप्पा ५ : दाणा कोणता, किती, कधी

आता दाणा. पाणी प्यायला पाखरं नियमित येऊ लागल्यावरच.

चिमणी आणि मुनियाला लहान दाणा लागतो : बाजरी, राळा आणि आपल्या विदर्भात जिला कनकी म्हणतात ती तांदळाची चुरी. राळा पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात कंगनी या नावाने मिळतो. कच्चा तांदूळ पाखराच्या पोटात फुगून पोट फुटतं, असं ऐकलं असेल. तसं होत नाही, रानातली पाखरं धान खातातच. ज्वारी, मका, हरभरा हे मोठे दाणे टाकलेत की कबुतरं येणार हे पक्कं. एकदा कबुतरांचा थवा बसला की चिमणीला जागा राहत नाही. शिवाय कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. घरात दमेकरी किंवा म्हातारं माणूस असेल तर कबुतरांना दाणा टाकूच नका.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या लोंब्या घराच्या दारावर टांगतात. दिवाळीच्या सुमारास तिकडून कोणी येणार असेल तर एक जुडी मागवून घ्या. चिमण्या लोंबीला लटकून दाणे काढतात, जड कबुतराला ते जमत नाही. मला यापेक्षा चांगला थाळा माहीत नाही.

फळं : पिकलेलं केळं, पपई, पेरू यांच्या फोडी बुलबुलांसाठी. संत्र्याच्या हंगामात अर्धं कापलेलं संत्रं फांदीवरच्या खुंटीला खोचून ठेवा. फळ सकाळी ठेवायचं आणि दुपारी बारापर्यंत काढायचं. त्यानंतर त्यावर मुंग्या आणि माश्याच येतात.

शेंगदाणे द्यायचे तर कच्चे, बिनमिठाचे, भरडलेले आणि ताजे. बुरशी आलेल्या दाण्यात विष तयार होतं. थोडा जरी कुबट वास आला तरी सगळे फेकून द्या.

काय द्यायचं नाही ते लक्षात ठेवा : ब्रेड, बिस्किट, शेव-चिवडा, फरसाण, खारे दाणे, तळलेलं काहीही, दूध, चॉकलेट, आंबलेला भात. एवढ्याशा जिवाला आपल्या चिवड्यातलं मीठ झेपत नाही, दूध पचत नाही आणि ब्रेडने पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. पोळीचा बिनमिठाचा कोरडा चुरा कावळा-साळुंकीला कधीतरी दिला तर हरकत नाही, पण तो दाण्याची जागा घेऊ शकत नाही. पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवत असाल तर ठेवा, फक्त तासाभरात उरलेलं उचला. वडे आणि खीर रात्रभर बाहेर राहिली तर सकाळी तिथे उंदीर आणि मांजरी असतात.

किती? सुरुवातीला एक मूठ, सकाळीच. तासाभरात संपली तर दुसऱ्या दिवशी दीड मूठ. दुपारपर्यंत उरली तर अर्धी. संध्याकाळी जमिनीवर एकही दाणा राहता कामा नये. रात्री सांडलेल्या दाण्यावर उंदीर आणि घुशी येतात, त्यांच्या मागे साप. जुन्या वस्तीत ज्यांच्या घराला मागे मोकळी सांदवाडी आहे त्यांनी हे विशेष पाळावं. साप निघालाच तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा आणि पंधरा दिवस दाणा बंद ठेवा.

वेळ एकच ठेवा. पाखरं वेळ ओळखतात. सकाळी सातला दाणा मिळतो हे कळलं की पावणेसातपासून तारेवर बसलेली दिसतील.

सावधान : साठवणीचा दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि एका वेळी महिन्याभराचाच आणा. किडके, जाळी धरलेले धान्य "पाखरांना चालतं" म्हणून देऊ नका. धान्यात किडीसाठी ठेवलेली औषधी गोळी असेल तर ते धान्य पाखरांना मुळीच नको.

## टप्पा ६ : थाळा

बाटलीला आडवे चमचे खोचून केलेला थाळा सगळीकडे दिसतो. नागपुरात तो टिकत नाही. उन्हात बाटली वाकते, पावसात आत पाणी जाऊन दाणा कुजतो आणि आतून साफ करता येत नाही. जो थाळा आतून हाताने पुसता येत नाही, तो आणूच नका.

सोपा थाळा असा : फूटभर लांब-रुंद लाकडी चौकट, कडा इंचभर उंच. तळाला मच्छरजाळी ठोका, म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल. वर अर्धा फूट उंचीवर पत्र्याचा किंवा प्लायचा उतरता तुकडा छपरासाठी. खिळ्यांची टोकं आत वळवून ठोकून घ्या. कबुतरांचा त्रास असेल तर चारही बाजूंना दीड इंची चौकोनांची तारेची जाळी (वेल्डमेश) लावा; चिमणी आणि मुनिया आरपार जातात, कबूतर बाहेर राहतं. होलाही बाहेर राहील, त्याच्यासाठी चिमूटभर बाजरी सकाळी जमिनीवर टाका.

टांगायचा असेल तर तारेने, माणसाच्या डोक्याइतका उंच. मुंग्या तारेवरून उतरतात. त्या थांबवायला तारेला ग्रीस किंवा तेल लावू नका, ते पिसांना लागतं. तार एका लहान वाटीतून आरपार काढा, भोक मेणाने बंद करा आणि वाटीत पाणी ठेवा.

थाळा आणि पाण्याचं परळ यांत दहा-बारा फूट अंतर असू द्या. फोलपटं पाण्यात पडली की पाणी एका दिवसात नासतं.

## टप्पा ७ : ज्यांना दाणा चालत नाही त्यांच्यासाठी

हा टप्पा बहुतेक लोक सोडून देतात, आणि मला तर तो सर्वांत जवळचा वाटतो. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना किडे आणि अळ्या भरवते. पिलाला वाढायला ते लागतंच. थाळा भरलेला आणि बागेत दर पंधरा दिवसांनी कीटकनाशकाची फवारणी, अशा घरी घरटं झालं तरी पिलं जगत नाहीत.

म्हणून पहिलं काम : आंगणातली फवारणी बंद. एका कोपऱ्यात वाळका पाला पडू द्या, सातभाई तो उलथापालथा करून खातात. कडीपत्त्याला काळी फळं येऊ द्या, बुलबुल ती आवडीने खातात; झाड दर आठवड्याला छाटून खुजं करू नका. कडुनिंब असेल तर निंबोळ्यांवर बुलबुल-साळुंक्या येतात. शेवग्याच्या आणि जास्वंदीच्या फुलांवर शिंजीर येतो. त्याच्यासाठी साखरपाण्याची बाटली टांगू नका. आपल्या उन्हात ते काही तासांत आंबतं.

घाणेरी मुद्दाम लावू नका. फुलपाखरं येतात हे खरं, पण ती रान व्यापते.

तपासणी : कुंपण किंवा झाड छाटण्याआधी आत डोकावून बघा. शिंप्याचं घरटं दोन पानं शिवून केलेलं असतं, ते हातभर अंतरावरूनही दिसत नाही. पाखरू चोचीत काडी किंवा किडा घेऊन पुन्हा पुन्हा एकाच जागी जात असेल तर छाटणी पुढे ढकला.

## टप्पा ८ : ऋतू बदलला की बदल

मार्च ते मृग : पाणी तीनदा, दाणा कमी. हेच मुख्य महिने.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की : दाणा जवळजवळ बंद करा. किडे भरपूर असतात आणि ओल्या हवेत दाण्याला दोन दिवसांत बुरशी येते. थाळा उतरवून धुऊन आत ठेवला तरी चालेल. पाणी चालू ठेवा आणि धुण्यात ढिलाई नको, डेंग्यूचे दिवस हेच.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी : दाण्याचा खरा हंगाम. थंडी वाढली की पाखरं उशिरा बाहेर पडतात, तेव्हा दाणा सूर्य वर आल्यावर टाका.

जानेवारीत संक्रांतीच्या आधी आणि नंतर महिनाभर, आंगणातल्या झाडांवर आणि तारांवर अडकलेला मांजा रोज काढा. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो दर वर्षी झाडांवर लटकताना दिसतो. आपण दाणा देऊन पाखरांना ज्या झाडाकडे बोलावतो, त्या झाडावर मांजा राहू देणं म्हणजे त्यांना सापळ्यात बोलावणं आहे. काढलेला मांजा बारीक कापून पिशवीत बांधा, तसाच कचऱ्यात टाकू नका.

## टप्पा ९ : आजारी किंवा जखमी पाखरू दिसलं तर

पिसं फुगवून बसलेलं, डोळे मिटणारं, जवळ गेलं तरी न उडणारं पाखरू थाळ्याजवळ दिसलं की त्याच दिवशी दाणा-पाणी दोन्ही बंद करा, सगळं धुऊन दोन आठवडे थांबा. पाखरं पांगतात आणि आजार पसरायचा थांबतो. ऐन उन्हाळ्यात पाणी बंद करणं जिवावर येतं, तेव्हा परळ नवं ठेवा, जागा बदला आणि दिवसातून दोनदा धुवा.

एकाच वेळी अनेक कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर हात लावू नका, महापालिकेला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले होते. हा आजार आपल्या शहराला परका नाही.

जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं, पिसं आलेलं, शेपूट आखूड असलेलं पिल्लू म्हणजे हरवलेलं पिल्लू नव्हे. ते उडायला शिकत असतं, आई-बाप वर फांदीवर असतात. मांजर हाकला, पिल्लू जवळच्या फांदीवर ठेवा आणि आत जा. उघडं, पिसं न आलेलं पिल्लू असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देत नाही. राघूचं पिल्लू सापडलं तरी घरी पिंजऱ्यात ठेवू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

उन्हाने चक्कर येऊन पडलेलं पाखरू चोच उघडून धापा टाकत असतं. सगळे जण इथे एकच चूक करतात : चोच उघडून ड्रॉपरने पाणी टाकतात. ते पाणी श्वासनलिकेत जातं आणि वाचू शकणारं पाखरू मरतं. पाणी पाजू नका. हलक्या हाताने सुती कापडात धरून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोकं सावलीत, शांत जागी. कूलरचा थेट झोत नको. खोक्याच्या कोपऱ्यात बाटलीच्या झाकणात पाणी ठेवा. सावरलं की ते आपणहून पिईल. अर्ध्या तासाने झाकण आंगणातच उघडून बघा. उडालं तर उडू द्या.

पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, मांजरीने धरलं असेल किंवा मांज्याने कापलं असेल तर घरगुती उपचारात वेळ घालवू नका. हळद लावू नका. सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यजीवांवर तिथे उपचार होतात. वन विभागाचा मदतक्रमांक १९२६ आहे. मांजरीच्या दाताची खूण अगदी बारीक असली तरी पाखरू त्याच दिवशी न्या, त्या जखमेत जंतू फार लवकर वाढतात. नेताना खोकं गाडीवर मांडीत धरा, डिक्कीत ठेवू नका. आणि झाकणाला हवेची भोकं पाखरू आत ठेवण्याच्या आधी पाडा.